कुसाबाईंच्या हातचं रबर

शेखर वणीहून आला तो गाडी पहिल्या गियरमध्येच रांगवत. आडगाव नाक्यावरच्या माझ्या गॅरेजसमोर उतरला आणि म्हणाला, "लहानूभाऊ, ब्रेक दगड झालाय. काल गडावर मांडवाचं सामान टाकून नांदुरीच्या घाटातून खाली आलो, दोन्ही पायांनी उभं राहावं लागलं."

गाडी त्याच्या वडिलांनी सत्त्याऐंशी साली घेतलेली, डिझेलचा छोटा ट्रक. तिचं इंजिन मी तीनदा उतरवलंय. असल्या गाडीत इंजिनवरचा एक लहान पंप ब्रेकच्या गोल डब्यातली हवा ओढून घेतो आणि त्या ओढीनं पायाला जोर मिळतो. डब्याच्या आत वाडग्यासारखा एक रबरी पडदा असतो. आम्ही त्याला डायफ्राम म्हणतो. डबा उघडून पाहिला तर तो बोटभर चिरला होता. अडतीस वर्षांच्या गाडीत रबर किती टिकणार?

द्वारका चौकातल्या सुट्या भागांच्या दुकानांत फिरलो. काउंटरवरच्या पोरांनी मोबाइलमध्ये पाहून माना हलवल्या. "काका, हा डबाच आता येत नाही." मालेगावच्या भंगारातून दोन मिळाले, दोन्ही वाळून तडकलेले. नव्या गाडीचा डबा लावून पाहिला, तर तो बसेना.

एके काळी याच नाक्यावर अशा पन्नास-साठ गाड्या रांगेनं उभ्या असायच्या. पिंपळगावची द्राक्षं, देवळ्याचा कांदा, सगळं यांच्यावरच. डायफ्राम मी डझनानं आणायचो. कपाटाचा एक कप्पा त्यांचाच होता. पावडर लावून कागदात गुंडाळलेले असत, आणि कागद सोडला की नव्या रबराचा वास दुकानभर पसरायचा. तो वास शेवटचा कधी आला, तेही आठवेना.

मी फाटका पडदा ओल्या फडक्यानं पुसला. कडेला उठावदार बारीक अक्षरं निघाली: उदय रबर, सातपूर.

दुसऱ्या दिवशी सातपूरला गेलो. त्या जागी आता कुरियरचं गोदाम आहे. समोरचा चहावाला म्हणाला, "उदय रबर बंद होऊन पंधरा वर्षं झाली. कुसाबाईंना विचारा. बावीस वर्षं होत्या तिथं. मागच्या गल्लीत राहतात."

कुसाबाई सत्तरीच्या. ओट्यावर लसूण सोलत बसल्या होत्या. मी पडदा हातात दिला, तसा त्यांनी चष्मा न लावताच कडेवरून अंगठा फिरवला.

"हा माझ्या हातचा हाय."

"कशावरून, मावशी?"

"कड बघा. प्रेसमधून निघाला की जादा रबर आम्ही बाया कात्रीनं कापायचो. माझ्या शेजारी बसणारी राखी सरळ कापायची. मी तिरपी कात्री धरायचे." मग म्हणाल्या, "कुठं घावला तुम्हाला?"

मी सगळं सांगितलं. त्या उठल्या, आत गेल्या आणि खाटेखालून गोणपाटात बांधलेलं काहीतरी ओढू लागल्या. मी हात लावला तर ते चांगलंच जड निघालं. आत लोखंडी साचा होता, तेल लावून ठेवलेला.

"आमचे मालक प्रेसवर होते," त्या नवऱ्याबद्दल सांगू लागल्या. "कारखाना बंद झाला तेव्हा शेठ म्हणाला, ज्याला जे पाहिजे ते न्या. कुणी पंखा नेला, कुणी खुर्ची. आमचे सावळीराम सायकलवर हे घेऊन आले. लय भांडले मी त्यांच्याशी. म्हटलं, या लोखंडाचं काय करू, भाजी? तर म्हणाले, राहू दे, माझ्या हाताखालचं हाय." त्यांनी साच्यावरून पदर फिरवला. "ते गेले त्याला सहा वर्षं झाली. भंगारवाला दर दिवाळीला विचारतो. नाय दिलं."

अंबडला अमोल नावाच्या माणसाची रबर साच्यात दाबायची छोटी प्रेस आहे. साचा त्याच्याकडे नेला. त्यानं पहिला पडदा काढला, काळा आणि चकचकीत. मी खूश झालो. कुसाबाई सोबत आल्या होत्या. त्यांनी तो उजेडात धरून ताणला.

"यात कापड कुठंय?"

अमोल गोंधळला. "कसलं कापड?"

"दोन थरांच्या मधी सुती कापड लागतं. आणि ते तिरपं टाकायचं, सरळ नाय. सरळ टाकलं की ताणल्यावर फाटतं. आमचे मालक रोज बडबडायचे, मला ऐकून ऐकून पाठ झालंय."

दुसऱ्या पडद्यात कापडाला सुरकुती पडली. तिसऱ्या वेळी कुसाबाईंनी स्वतः कापड कापून अमोलच्या हातात दिलं आणि तो ठेवत असताना बोटानं दाखवत राहिल्या. तो पडदा चांगला निघाला. मग त्यांनी पिशवीतून आपली कात्री काढली. सुरुवातीला कड थोडी वाकडी गेली. पुढे मात्र कात्री एका लयीत चालू लागली आणि काळ्या रबराची बारीक दोरी त्यांच्या मांडीवर पडत गेली.

डबा जोडला. दोन दिवस मोकळ्या मैदानावर, आधी रिकामी आणि मग माल भरून, गाडी थांबवून पाहिली. पाचशे वेळा तरी ब्रेक मारला असेल. मग शेखरला म्हटलं, "मावशींना घेऊन ये."

त्या ट्रकच्या पायरीवर चढताना हसल्या. "कधी बसले नाय बाई यात."

मी त्यांना ड्रायव्हरच्या जागी बसवलं. इंजिन बंद होतं. "ब्रेकवर पाय ठेवा आणि दाबा."

"लय कडक हाय."

"दाबून धरा. सोडू नका." मी खिडकीतून हात घालून चावी फिरवली. इंजिन धडधडलं, आणि त्यांच्या पायाखालचा ब्रेक आपोआप खाली गेला.

"अगं बाई!" त्यांनी पाय पटकन उचलला. "हे कुणी ओढलं?"

"तुमच्या रबरानं."

त्यांनी वाकून पायाखाली पाहिलं. "यासाठी होतं होय हे? बावीस वर्षं कापले, कुणी सांगितलं नाय. आम्ही त्याला वाटी म्हणायचो. एवढ्या वाट्या जातात कुठं, म्हणायचो."

"इथल्या सगळ्या गाड्यांत. कसाऱ्याचा घाट उतरायच्या, तुमच्या वाटीवर भरवसा ठेवून."

त्यांनी पुन्हा ब्रेक दाबला. सोडला. मग परत दाबला. शेखर खाली उभा होता, त्यानं हात जोडले. त्यांचं लक्ष नव्हतं.

"सावळीरामांना माहीत असेल का?" त्यांनी विचारलं.

"असेल," मी म्हटलं.

"मला नाय बोलले कधी," त्या म्हणाल्या, बाजूच्या सीटवर सरकल्या आणि शेखरकडे वळल्या. "चल, एक चक्कर मार. सातपूरच्या गल्लीतून ने. सगळ्यांना दिसू दे."