दुखत नाही म्हणणारी गुंडी

गुंडीच्या आईला कपड्यांच्या कारखान्यात सगळे मास्तरीण म्हणत. तिच्या हातची कॉलर कधी उसवायची वेळ येत नसे. घरी मात्र चार वर्षांच्या लेकीच्या दुखण्यापुढे तिने हात टेकले होते. गुंडीला सारखा ताप यायचा, लघवीला आग व्हायची. औषधाची बाटली संपेपर्यंत बरं, की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

शेवटी डॉक्टरीणबाईंनी लघवी तपासून घेतली. रिपोर्ट बघून त्या म्हणाल्या,

"तोंडाने घ्यायचं एकही औषध या जंतूंना लागू पडत नाही. भरती करून सलाइनमधून द्यावं लागेल."

"पण आम्ही एक डोस चुकवला नाही हो."

"तुमचं काहीच चुकलं नाही. जंतूच निर्ढावलेले आहेत. कुठून आले, ते सांगता येत नाही."

मास्तरणीला वाटलं, चुकलं असतं तर बरं झालं असतं. निदान सुधारता तरी आलं असतं.

दवाखान्यात गुंडीची शीर काही सापडेना. दोन्ही हात टोचून टोचून काळेनिळे पडले. "अगं, गुंडीला काजं पाडतायत," मामा म्हणाला, तेव्हा ती खुदकन हसली. पुढे मामाने तोंड उघडलं तरी ती मान फिरवू लागली.

ताप उतरला, घरी आणलं. गुंडी एकदम शहाण्यासारखी वागू लागली. "दुखतं का गं?" विचारलं की "नाही." मास्तरणीच्या जिवात जीव आला. मग एका दुपारी तिने बाथरूमचं दार लोटलं. गुंडी तोंडात टॉवेल कोंबून बसली होती. गालांवरून पाणी वाहत होतं.

"बाळा, सांगायचं नाही का?"

"सांगितलं की टोचतात."

अंग तव्यासारखं तापलेलं. तशीच उचलून नेली. तोवर जंतूंनी सलाइनमधल्या औषधालाही दाद देणं सोडलं होतं आणि डावी किडनी आक्रसली होती.

"एक जुनं औषध उरलंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण ते किडनीलाच जड जातं."

"आणि तेही लागू नाही पडलं तर?"

"सुरू तर करू," म्हणत त्यांनी नजर खाली घेतली.

नर्स ट्रे घेऊन आली. गुंडी रडली नाही. तिने आपणहून हात पुढे केला आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. सुई शिरेत गेल्यावर मास्तरणीने तिच्या केसांवरून हात फिरवला, तर हा कुणाचा हात ते न बघताच गुंडीने तो झिडकारला.