पुंजारामाची वही

आमचा पुंजाराम माणसाशी बोलायचं विसरलाय. वायुदलात वीस वर्षं लढाऊ विमानं दुरुस्त केली, पेन्शनीत निघाला आणि महिनाभर गंगापुरात माझ्यापाशी राहायला आला. राहतो म्हणजे काय, तर सकाळी चहा घेतो, मी ओट्यावर चढते-उतरते ते बघतो आणि वहीत काहीतरी लिहितो. 'माय, कशी हाईस' म्हणून विचारलं तर जीभ झिजेल त्याची!

विमानाचं काढलं की मात्र तोंड सुटतं. परवा शेजारची भागूबाई आली, तिला तासभर सांगत बसला. अकरा वर्षं एकच विमान त्याच्या हाती होतं. त्याचं इंजिन तीनदा बदललं. टायर तर, विमान किती वेळा उतरलं ते मोजून बदलायचे. वैमानिकाच्या डोक्यावरची काच नुसत्या संशयावरून बदलली, तडा कुणाला दिसला नव्हता. कोणता पार्ट कुठून आला, कुणी बसवला, सगळं विमानाच्या जाडजूड वहीत. विमान दुसऱ्या तळावर गेलं की वही त्याच्यासंगं जाते.

"आणि वैमानिक खाली उतरला की पहिलं त्याला विचारायचं, आज काय खटकलं," पुंजाराम म्हणाला. "तो सांगेल ते तक्रारीच्या रकान्यात. मग आम्ही हात लावायचा, मग सही. मावशी, माझी एक सही खोटी निघाली नाय."

"आता कुठं हाय ते इमान?" भागूबाईनं विचारलं.

"एका तळाच्या फाटकापाशी उभं केलंय, शोभेला. पोटात इंजिन नाय."

एवढं बोलून उठला. मला वाटलं, आता माझ्यापाशी येऊन बसेल. मी सरकून जागासुद्धा केली. तो बाहेर ओट्यावर जाऊन एकटाच बसला. तो बाहेर, मी आत, मधी उघडं दार. दोघांनाही कुणी अडवलं नव्हतं.

आज त्याची निघायची तयारी. बंगळूरला नोकरी धरलीय, बायको-पोरं आधीच तिकडं. मी लई दिवस वाट बघितली, की हा म्हणेल, माय, चल संगं. नाय तर एवढं तरी विचारील, एकटीनं राहशील का. त्यानं भागूबाईला हाक मारली आणि रोज लिहायचा ती वही तिच्या हाती दिली.

"मावशी, मायचं सगळं यात हाय. दर आठवड्याला भरत जा."

मी वही ओढून घेतली. मी चौथीपर्यंत शिकलेली, अक्षर लावत लावत वाचलं. पट्टीनं आखलेले रकाने. डावा डोळा: नवीन भिंग, औरंगाबाद. कवळी: वरची बदलली, खालची सैल. उजवा गुडघा: पायरी चढताना आवाज. तारखा सगळ्या बरोबर. गुडघा वाजतो हे तर मलाच ठाऊक नव्हतं. शेवटचा रकाना तक्रारीचा. चारी आठवड्यांपुढं एकच शब्द: नाही. खाली त्याची सही.

एस.टी.ची वेळ झालेली. तो पाया पडायला वाकला. मी पाय मागं घेतले.

"पुंजा, परक्या माणसाला विचारल्याबिगर तू कधी इमानावर सही केली नाहीस. मला एकदाबी न विचारता 'तक्रार नाही' लिहिलंस. ही सही खोटी हाय."