गुरुवारची वजडी

त्या गुरुवारी बाथरूमच्या थंडगार फरशीवर पडल्या पडल्या मला कळून चुकलं, की आपण आता मरणार. आणि तेही एका वाडगाभर वजडीपायी.

माझा नवरा डेरेक गेल्यापासून, म्हणजे गेली अकरा वर्षं, मी दुपारी फुएन्सांताच्या खाणावळीत जेवते. स्पेनमधल्या मूर्सियाकडच्या या गावात आम्ही चार-पाच इंग्रज उरलोय आणि एकाच्याही घरी दुपारी चूल पेटत नाही. कशाला पेटवायची? अकरा युरोत सूप, मग मटण नाहीतर मासा, पाव, टेबलावर वाइन, शेवटी गोड आणि कॉफी. गावकरी अडीचला उगवतात. मी मात्र एकच्या ठोक्याला हजर. सत्तरी उलटली तरी माझं इंग्रज पोट या देशाचं घड्याळ मानत नाही.

एक गुरुवार तेवढा वाईट. पहिल्याच गुरुवारी फुएन्सांताने काबुली चणे घातलेली वजडी वाढली आणि कमरेवर हात ठेवून समोर उभी राहिली. "कशी झालीय?"

आमच्याकडे रांधणारीच्या तोंडावर कुणी नावं ठेवत नाही. "अप्रतिम!" मी म्हटलं. झालं! तेव्हापासून दर गुरुवारी न विचारता काठोकाठ भरलेला वाडगा समोर. वर सगळ्यांना ऐकवणार, "आमच्या ग्लेनिसला वेड आहे वजडीचं!" त्या वासानेच मला मळमळतं. तरी वाइनच्या घोटाबरोबर गिळत आले. अगदीच अंगावर आलं की दातदुखी, पाहुणे, काहीतरी सांगायचं.

या बुधवारी मी जरा मोठीच थाप मारली. "उद्या मुलीकडे चाललेय, इंग्लंडला. सोमवारी येईन."

"अगं बाई, म्हणजे वजडी चुकणार तुझी!" ती खरोखर हळहळली. "झाडांना पाणी घालू का? किल्ली आहे माझ्याकडे."

"चार दिवसांसाठी कशाला? मुळीच येऊ नकोस."

मुळीच येऊ नकोस. गुरुवारी सकाळी अकराला अंघोळ करून निघताना माझा पाय घसरला, कमरेत काहीतरी कडकन वाजलं, आणि मग हेच शब्द माझ्या डोक्यात फिरत राहिले. फोन स्वयंपाकघरात. शेजारचं घर ऑगस्टशिवाय उघडत नाही. मुलीचा फोन रविवारी. घसा बसेपर्यंत ओरडले. भिंती दीड हात जाड. फेब्रुवारीतली फरशी, आणि अंगावर एक ओला टॉवेल.

चर्चच्या घंटेने एकचा ठोका दिला. एरवी माझी खुर्ची रिकामी दिसली असती तर फुएन्सांताने दहा मिनिटांत माणूस धाडला असता. आज ती रिकामीच असणार हे मीच सांगून आले होते. चार वाजले. गाव जेवून झोपलं. पायाची बोटं आहेत की नाहीत तेही कळेना. मी आयुष्यात कधी इतकी घाबरले नव्हते, डेरेकच्या उशाशी बसले होते तेव्हासुद्धा नाही. लहान मुलीसारखी रडले.

पाचच्या सुमाराला दाराच्या कुलपात काहीतरी फिरलं.

आणि मी ओरडले का? छे! माझं रक्तच गोठलं. घर चार दिवस रिकामं आहे हे मी भर खाणावळीत मोठ्याने सांगितलं होतं. चोर! मी टॉवेल तोंडात कोंबला. जड पावलं स्वयंपाकघरात गेली. फ्रीजचं दार उघडलं, काहीतरी आदळलं, दार मिटलं. पावलं परत फिरली, बाथरूमवरून पुढे गेली. मी श्वास रोखून धरला. जा बाबा, काय हवं ते ने आणि जा.

तेवढ्यात दाराखालून वास आला. अकरा वर्षं ज्याने मळमळलं तो वास.

"फुएन्सांता!" टॉवेल तोंडातून ओढून मी किंचाळले. "फुएन्सांता, जाऊ नकोस गं!"

ती धावत आली. रुग्णवाहिकेला फोन केला, अंगातला कोट माझ्यावर घातला, पाय चोळायला घेतले. मग एकदम थांबली. "तू इंग्लंडला होतीस ना?"

"थाप मारली." दातांवर दात वाजत होते. "मला वजडी आवडत नाही. कधीच आवडली नाही."

तिने कपाळावर हात मारून घेतला. "अगं भवाने! गावात दुसरं कोण खातं ती? अकरा वर्षं दर बुधवारी तीन-तीन पाणी बदलून धुतेय, ती फक्त तुझ्यासाठी! मला स्वतःला वास सहन होत नाही तिचा. काल तू सांगितलंस तेव्हा धुऊन ठेवलेली होती. म्हटलं, बिचारी सोमवारी येऊन खाईल. म्हणून फ्रीजमध्ये ठेवायला आले."

मी हसायला गेले, तर कमरेतून कळ उठली आणि हसण्याचं रडणं झालं. ती रुग्णवाहिका आली का बघायला उठू लागली, तशी मी तिची बाही घट्ट धरली. आज खोटं बोलायची ताकदच नव्हती.

"मला फार भीती वाटतेय," मी म्हटलं.

"उघडंच आहे दार, येतील ते," ती म्हणाली आणि माझ्याशेजारी त्या गार फरशीवर फतकल मारून बसली.