एव्हासिओची आटलेली टोपी

मित्रांनो, मी एक जुनी लोकरीची टोपी आहे. पूर्ण नाही. मला कसर लागली आहे, म्हणून माझ्या गोष्टीलाही भोकं आहेत. तेवढं सांभाळून घ्या.

सेसिया नदीकाठच्या भातशेतांच्या गावात डेल्फिनाने मला विणलं. तिचा नवरा एव्हासिओ गावाच्या फुटबॉल संघात मधल्या फळीत खेळायचा. तेव्हा चेंडूचं तोंड चामड्याच्या वादीने आवळलेलं असे. डोक्याने चेंडू मारला की वादी कपाळ फाडायची. म्हणून मी.

पहिल्याच आठवड्यात डेल्फिनाने मला उकळत्या पाण्यात टाकलं. मी निम्मी झाले.

"अगं, ही टोपी आहे की अंड्याचं टरफल?" एव्हासिओ ओरडला.

"मग डोकं लहान कर," ती म्हणाली.

पण आटून मी घोंगडीसारखी जाड झाले. वादी लागेनाशी झाली. त्या रविवारी संघ जिंकला आणि गावाने ठरवून टाकलं: ही टोपी धुवायची नाही, एव्हासिओच्या डोक्यावरून उतरवायची नाही.

(भोक. इथे सहा वर्षं होती. टाळ्या आठवतात, गोल आठवत नाहीत.)

भोकाच्या पलीकडे एव्हासिओचा गुडघा गेला होता आणि तो मिस्टर झाला होता. आमच्याकडे प्रशिक्षकाला मिस्टर म्हणतात. तो बाकावर, मी त्याच्या डोक्यावर.

हंगामाचा शेवटचा सामना. जिंकलो नाही तर संघ खालच्या गटात जाणार. आम्ही एका गोलने पुढे होतो, दहा मिनिटं उरली होती. तेवढ्यात बचावातल्या सेकोंदोचं कपाळ वादीने फाटलं. तेव्हा बदली खेळाडू मिळत नसे. पट्टी बांधून तो उभा राहिला, पण उंच चेंडू आला की मान खाली घालायचा.

"सेकोंदो, डोकं लाव!"

"मिस्टर, घरी पोरं दोन आहेत. डोकं एकच!"

चेंडू बाहेर गेला. कोपऱ्यावरून त्यांची किक होती. एव्हासिओ लंगडत मैदानाच्या कडेला गेला आणि त्याने मला डोक्यावरून उपटलं.

"मिस्टर, नको!" मालिशवाला जाचिंतो किंचाळला. "टोपी उतरली की बुडालो आपण!"

"अरे, मिस्टरला टक्कल आहे!" मागून कुणीतरी ओरडलं. सगळं मैदान हसलं.

"नशीबबिशीब काही नाही तिच्यात," एव्हासिओ सेकोंदोला म्हणाला. "जाड आहे, एवढंच. घाल."

सेकोंदोने मला पट्टीवरून कपाळावर ओढून घेतलं. चेंडू आला. मान वर झाली. वादीचा फटका मी खाल्ला, आणि चेंडू लांब गेला.

संघ वाचला. गावाने पुन्हा ठरवून टाकलं: टोपी नशीबवान! मला क्लबात काचेच्या कपाटात ठेवलं. किल्ली अध्यक्षांकडे. हिवाळ्यात एव्हासिओ यायचा, काचेवर बोट वाजवायचा. "डोकं गारठलं गं," म्हणायचा.

(भोक. मोठं. तो येईनासा झाला, ते यात गेलं.)

मित्रांनो, सहा वर्षं वादीने मला काही केलं नाही. काचेत मात्र कसरीने खाल्लं. मला जपायचं असेल तर कपाट उघडा. बाहेर कुणाचं तरी कपाळ उघडं असेल.