पितळेची झाळ

“सबंध खुर्ची काही दारातून जायची नाही. सुटी करा, म्हणजे जाईल,” लोहगावच्या विमानतळावरचा अधिकारी म्हणाला. माणूस भला होता. हमालांकडून त्याने खुर्ची उभी, आडवी, तिरकी अशी सगळ्या तऱ्हांनी सामानाच्या दाराला लावून पाहिली होती. तोवर ज्योतीराम आपल्या पत्र्याच्या ट्रंकेवर बसून होता.

“मिस्तरी, नट सोडवा,” तो म्हणाला.

युनूस मिस्त्री जागचा हलला नाही. पान्यांची पिशवी त्याने या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

“सुटायचं न्हाईत, ज्योतीराव,” तो खाली बघत म्हणाला. “परवा समद्या नटांवर पितळंची झाळ मारली मी, पार चिकटवून टाकलेत.”

“कशापायी?”

“फौजेच्या लॉरीवर उमर गेली माझी. हादऱ्यानं आधी नट ढिले होत्यात. हे तर इमान. म्हनलं, वर गेल्यावर कोन आवळनार?”

ज्योतीरामची बहीण गोजाबाई पदर तोंडाला लावून उभी होती. तिने कपाळावर हात मारला. मिस्त्रीला चार शब्द सुनावावेत असं तिला वाटलं असणार, पण मायेने केलेल्या चुकीवर धड रागावताही येत नाही, हीच तर पंचाईत असते.

ती खुर्ची म्हणजे युनूसचीच करामत होती. ज्योतीराम चिंचवडचा, विहिरी खोदणारा. एका विहिरीची कड ढासळली आणि कमरेखालचा ज्योतीराम गेला. मग कित्येक वर्षं तो, खाट आणि गोजाबाई. तिने कूस बदलून द्यायची आणि याने आढ्याकडे बघायचं. युनूसने पाण्याचे नळ वाकवून सांगाडा केला, त्याला सायकलची दोन चाकं आणि पुढे हातगाडीची दोन छोटी चाकं लावली, बसायला नवार विणली. तेव्हापासून ज्योतीराम आपल्या हातांनी चाकं फिरवत स्टेशनच्या रस्त्यावर युनूसच्या दुकानात जायला लागला. तिथे वाकड्या चाकांचा आऱ्या आऱ्याने वाक काढायचा, हे त्याचं काम. खंडेनवमीला गोजाबाई दुकानातल्या पान्या-हातोड्यांबरोबर खुर्चीलाही हळदकुंकू वाहायची आणि त्या दिवशी हत्याराला विसावा म्हणून ज्योतीराम दिवसभर घरी घोंगडीवर बसून राहायचा. यंदाची पूजा नुकतीच झाली होती. चाकावर कुंकू अजून दिसत होतं.

रंभाचं, त्याच्या एकुलत्या एका मुलीचं, लग्न झालं तेव्हा मात्र ही खुर्ची नव्हती. दौलतराव वीटभट्टीवाल्याने ज्योतीरामला पाठुंगळी मांडवात आणलं आणि कन्यादानासाठी तांदळाच्या पोत्याला टेकवून ठेवलं. नवऱ्याकडची एक म्हातारी सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, “बाप कुठला, गाठोडंच आणून ठिवलंय.” रंभाने ते ऐकलं. तिचा हात बापाच्या हातात होता आणि तो थरथरला. म्हातारीचं बोलणं ज्योतीराम एकवेळ विसरला असता, पण ती थरथर त्याच्या तळहातातून गेली नाही. लेकीच्या दारात जाईन तर माझ्या खुर्चीवर बसून जाईन, नाहीतर जाणार नाही, असं त्याने गोजाबाईला बजावून ठेवलं होतं.

आता रंभाला मुलगा झाला होता. तिला आई नव्हती, म्हणून पहिलं बाळंतपणही सासरीच हैदराबादला झालं. बारसं उद्यावर आलं होतं. आगगाडीत इतका वेळ बसून राहिलं तर खाटेवर पडून व्हायच्या तशा जखमा पुन्हा होतील, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. जावई विमान कंपनीच्या कारखान्यात मेकॅनिक, त्याने विमानाचा पास काढला. खुर्ची सामानात येईल, एवढंच त्याने कळवलं. पिंपरीत पेनिसिलिनचा कारखाना उभा राहिला होता, पण चिंचवडातून विमानात बसलेला माणूस कुणी पाहिला नव्हता. दौलतरावाच्या लॉरीत खुर्चीला दोर बांधून, त्यावर फेटा बांधलेला ज्योतीराम बसवून मंडळी भोसरीवरून निघाली, तेव्हा लोक दुकानांतून बाहेर येऊन बघत होते. नवरदेवाची वरात यापेक्षा थाटाची ती काय असणार?

“खुर्ची राहू द्या, मामा,” अधिकारी समजुतीने म्हणाला. “आम्ही तुम्हाला उचलून आत बसवतो. तिकडेही उचलून उतरवतील. घरात खुर्चीचं काय काम?”

“जा की दादा,” गोजाबाई म्हणाली. “नातवाचं त्वांड बघून यी.”

“उचलून आनल्याला बाप तिनं एकदा बघितलाय, गोजे.”

विमानात टपालाच्या थैल्या चढत होत्या. ज्योतीरामने खुर्चीकडे पाहिलं, मग युनूसकडे.

“मिस्तरी, पिशवीत करवत हाय?”

“हाय.”

“मग कापा.”

युनूस गुडघ्यांवर बसला. लोखंड कापायची करवत त्याने नळावर ठेवली, पण हात काही पुढे सरकेना. हा नळ त्यानेच शेगडीवर तापवून वाकवला होता. “माझ्याच्यानं न्हाई व्हायचं,” तो म्हणाला.

“मला खाली बसवा. आन् ती हिकडं द्या.”

मग त्या सगळ्या सुटाबुटातल्या उतारूंच्या मधोमध, त्यांच्या बुटांच्या उंचीवर, ज्योतीराम जमिनीवर बसला. खुर्ची त्याने मांडीवर आडवी घेतली आणि सांध्यांच्या शेजारून नळ कापायला लागला. कीस त्याच्या स्वच्छ धोतरावर पडत होता. त्याला वाईट वाटत नव्हतं असं नाही. डोळे भरले होते, पण हात थांबला नाही. युनूस सांगाडा धरून बसला होता आणि त्याच्या नाकावरून पाणी ओघळत होतं. अधिकाऱ्याने घड्याळ पाहिलं, वैमानिकाशी जाऊन बोलून आला आणि म्हणाला, “होऊ द्या सावकाश.”

खुर्ची सुटी झाली आणि दारातून आत गेली. मग युनूस पाठ करून बसला. ज्योतीरामने त्याच्या गळ्यात हात टाकले. विमानाच्या शिडीवर युनूस एकेक पाय जपून टाकत होता, तेवढ्यात ज्योतीराम त्याच्या कानाशी म्हणाला, “झाळ झकास मारली हुती, मिस्तरी. तिला करवत लावू वाटंना, म्हनून बाजूनं काप घेतला.”

युनूसने फक्त मान हलवली.

हैदराबादला उतरवल्यावर ज्योतीराम पुन्हा ट्रंकेवर बसला, तो हलेना. जावई टांगा घेऊन आला होता.

“मामा, आधी घरी चला. खुर्ची सवडीनं जोडू.”

“तुमी जोडा, जावईबापू. मी हितंच हाय.”

जावई मुकाट्याने तुकडे उचलून कारखान्यात घेऊन गेला. ऊन कलेपर्यंत त्याने एकेक सांधा जोडत आणला, पण पाठीकडचा एक काही केल्या धरेना, तेव्हा तशीच खुर्ची तो परत घेऊन आला. ज्योतीरामने डोक्यावरचा फेटा सोडला आणि त्याने तो सांधा करकचून आवळला. उघड्या डोक्याने कुणाच्या दारात जाणं त्याच्या जन्मात घडलं नव्हतं, आणि हे तर व्याह्यांचं दार. टांग्यातून तो गल्लीच्या तोंडाशी उतरला, खुर्चीवर बसला आणि पुढचा रस्ता आपल्या हातांनी चाकं फिरवत गेला.

व्याही दारात उभे होते. हात जोडून ते सवयीने म्हणाले, “या, या. बसा,” आणि बोलून गेल्यावर त्यांनी जीभ चावली.

“बसूनच आलोय, पावनं,” ज्योतीराम म्हणाला.

मागून रंभा मुलाला घेऊन आली. बापाचं उघडं डोकं तिने पाहिलं, सगळे केस पांढरे झालेले. मग खुर्चीच्या पाठीला बांधलेला फेटा पाहिला. मूल तिने बापाच्या मांडीवर ठेवलं, आणि फेट्याचं एक टोक सुटून धुळीत लोळत होतं, ते चाकात येईल म्हणून उचलून, नळाभोवती आणखी एक वेढा देऊन त्याची गाठ मारली.