बरणीतला मुतखडा

रविवारी जासईच्या कंटेनर यार्डामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये पाय ठेवायला जागा नसे. देवजी महाराज काचेची बरणी सगळ्यांसमोर उलटी धरत. आतलं पाणी सांडत नसे.

"पाणी बांधलंय," महाराज सांगत. "आता पोटातला खडा यात ओढून घेणार. सुरी नाही, टाका नाही, फक्त श्रद्धा पाहिजे."

ती बरणी रोग्याच्या पोटाला लावून तिच्यात वरून गुलाबी तीर्थ ओतलं जाई. पंधरवड्याने पाहावं तर बांधलेल्या पाण्यात गुलाबी खडे चमकत असत, कुणी हात न लावता वाढलेले. लोक पाया पडत.

मंजुषा पडली नाही. ती एका प्रयोगशाळेत स्फटिकांची रचना शोधायचं काम करी. तिचे काका हौसेराव तुर्भ्याच्या बाजारात माथाडी होते. त्यांनी मुतखड्याचं ऑपरेशन रद्द केलं होतं आणि महाराजांनी दिलेला 'त्यांचा' खडा ताईतात घालून गळ्यात बांधला होता.

"काका, मुतखडा एवढा गुलाबी कसा?"

"दुखायचं थांबलंय न्हवं? मग रंग कशाला बघायचा."

मुतखड्याची कळ येते, तशी जातेही. ती परत आली तेव्हा काका जमिनीवर लोळले. बाळाबाई काकूंनी ताईत सोडून मंजुषाच्या हातात ठेवला.

"बघ बाई तुझ्या मशिनीत. मला याचा भरवसा वाटंना."

मंजुषाने खड्याचा बारीक कण क्ष-किरणांपुढे धरला. फिल्मवर उमटलेल्या ठिपक्यांवरून ती आतल्या अणूंच्या जागा काढत गेली. मॅग्नेशियम, अमोनियम, फॉस्फेट, पाणी. ती चपापली, कारण काही मुतखडे नेमके याचेच असतात. पण मॅग्नेशियमच्या कित्येक जागांवर कोबाल्ट बसला होता. गुलाबी रंग त्याचाच. माणसाच्या पोटात एवढा कोबाल्ट येईल कुठून?

मग तिने स्वतःच तशी बरणी भरली आणि तिच्यातही गुलाबी खडे धरले. रविवारी ती महाराजांपुढे ठेवून तिने विचारलं, "यातला खडा कुणाचा, सांगाल?"

महाराजांनी डोळे मिटले. "बाईमाणूस आहे. डावी बाजू. भावकीतून करणी झालीय."

"ही बरणी माझ्या टेबलावर होती, महाराज. तिच्या जवळपास कुणी आजारी नव्हतं." मंजुषा लोकांकडे वळली. "पाणी बांधलेलं नाही. सोडियम सिलिकेटची जेली आहे, तिच्यात अमोनियम फॉस्फेट मिसळलंय. तीर्थात मॅग्नेशियम आणि कोबाल्ट, या दोन धातूंचे क्षार आहेत. ते हळूहळू खाली झिरपतात आणि खडे धरतात."

"देवाची परीक्षा घेऊ नये, ताई," महाराज म्हणाले.

मागून, सुनेला घेऊन रांगेत उभ्या असलेल्या केशरबाईंनी विचारलं, "मग आमच्या सुनंचा खडा कुठं गेला?"

उत्तर बाळाबाईंनी दिलं. त्यांनी नवऱ्याची सोनोग्राफी कालच करून घेतली होती. "ह्यांचा आतच हाय. वाढलाय. डॉक्टर म्हणले, आणखी उशीर केला असता तर किडनी गेली असती."

केशरबाई सुनेचा हात धरून बाहेर पडल्या. काही जण तरीही रांगेतून हलले नाहीत.

हौसेरावांचं ऑपरेशन झालं. निघालेला खडा मळकट, खरखरीत होता.

"पण आमी तो वाढताना बघितलाय," काका अजून म्हणतात.

"बघितलात ते खरंच," मंजुषा सांगते. "कशाचा वाढतोय, एवढंच विचारायचं राहिलं. ते विचारा. जो विचारू देत नाही, त्याच्या हाती आपला जीव देऊ नका."