कातळाखालची दिवटी

माझा नातू गिरीराज याचं लग्न दोन हजार तेवीसच्या मे महिन्यात बेंगळुरूत, यशवंतपूरच्या एका कल्याण मंटपात झालं. मुलगी आमच्यातलीच, होसकोट्याची, नाव भव्या. लग्न चांगलं पार पडलं. फक्त गोंधळ राहिला.

लग्नानंतर भवानीचा गोंधळ घालावाच लागतो, असं आमचं घराणं मानतं. साडेतीनशे वर्षं आम्ही या मुलखात आहोत. आमची मराठी कन्नडमध्ये भिजून गेली, आजीला आम्ही अज्जी म्हणतो आणि आजोबाला ताता, पण गोंधळ सोडला नाही. माझ्या लग्नाचा झाला, माझ्या मुलाच्या, रणजीतच्या लग्नाचाही झाला. तेव्हा आम्ही पीण्याच्या कारखान्यांजवळ बैठ्या घरात राहत होतो, समोर अंगण होतं. आता राहतो सहाव्या मजल्यावर. सोसायटीच्या लोकांनी सांगितलं की घरात पेटती दिवटी चालणार नाही, छताला धुराची घंटा बसवली आहे, आणि संबळ तर अजिबात नाही. दिवटी म्हणजे तेलात भिजवलेल्या चिंध्यांची मशाल. घरचा नवरदेव ती हातात धरतो आणि गोंधळी एकेका गावच्या देवाला नाव घेऊन बोलावतो. ती नसेल तर देव यायचे कशाला?

माझी बायको सकवारबाई हिने ते मनाला लावून घेतलं. दिवाळीनंतर भव्याला दिवस गेल्याचं कळलं, तेव्हा तर ती रोजच बोलायला लागली. पाळणा हलायच्या आत गोंधळ झाला पाहिजे. नाही झाला तर पोराला बाधेल. तिच्या जावेचं पहिलं मूल असंच गेलं होतं आणि त्या घरी गोंधळ राहिलेला होता, हे ती विसरायला तयार नव्हती. गिरीराजचा यावर विश्वास नव्हता, पण अज्जीचा जीव टांगलेला त्याला बघवत नव्हता. त्याला तिनेच वाढवला होता, कारण रणजीत आणि सून दोघंही कारखान्यात जात.

गिरीराज आधी एका मोठ्या कंपनीत संगणकावर बसायचा. ते सोडून त्याने कनकपुऱ्याच्या पुढे, एका उघड्या कातळाच्या डोंगराच्या पायथ्याशी, शहरातल्या लोकांसाठी मुक्कामाची जागा उभी केली होती. मातीच्या चार-पाच झोपड्या, वर गवत, पंखा नाही. येणाऱ्याने आपला कचरा आपल्याबरोबर परत न्यायचा. साबण नको, अत्तर नको, गाणी नकोत. अंधार पडला की दिवेसुद्धा नकोत, रात्र जनावरांची असते, असं तो म्हणायचा. डोंगराच्या कड्याला आग्या मोहोळं लटकलेली असत, काळी, सुपाएवढी. आल्याआल्या पाहुण्यांना तो कड्याकडे बोट करून सांगायचा की तिथे राहणारे मालक आहेत आणि आपण त्यांचे पाहुणे. मग प्रत्येकाला एकेक घोंगडी देऊन शिकवायचा, की मी ओरडलो तर ही अंगावर घ्यायची, झोपडीत शिरायचं आणि दार लावायचं. लोक हसत हसत ते करून दाखवत.

आम्ही पहिल्यांदा तिथे गेलो तेव्हा सकवार म्हणाली, “आंघोळीला साबण नाही, रात्री दिवा नाही. गिरी, आम्ही असेच राहायचो तेव्हा कुणी बघायला आलं नाही रे.”

गोंधळाची जागा त्यानेच सुचवली. झोपड्यांच्या मध्ये सारवलेलं अंगण होतं, कड्यापासून चांगलं लांब. सकवारला ते एकदम पटलं, डोंगर म्हणजे देवीचंच ठाणं. पण रात्री करायचं म्हणाली, तेव्हा तो अडला. रात्री खालच्या तळ्यावर हत्ती पाण्याला येतात, तिथे आग आणि वाद्यं नकोत.

“देवी दिवसा येते का रे कधी?” ती म्हणाली.

“येईल की अज्जी. बेंगळुरूची देवी आहे, स्वल्प अ‍ॅडजस्ट करेल.”

ती हसली आणि तिथेच ठरलं. मोहोळांचा विचार त्याने केला नव्हता असं नाही. सकाळी वारा डोंगरावरून खाली येतो, म्हणून धूर कड्याकडे जाणार नाही. ऊन तापलं की वारा फिरतो आणि वर चढतो. तेव्हा सगळं सकाळीच उरकायचं, असं त्याने मला कागदावर डोंगर काढून समजावलं.

सतरा मार्चचा रविवार ठरला. त्या दिवशीचे पाहुणे आधीच ठरलेले होते, त्यांना नाही म्हणता आलं नाही. त्यांच्यात शुभदा म्हणून एक बाई होत्या, नवरा इथल्या सरकारी संशोधन संस्थेत, माहेर साताऱ्याकडचं. गोंधळ आहे म्हटल्यावर त्या फार खूश झाल्या. लहानपणी पाहिलेला, त्यानंतर आजच, म्हणाल्या. हे इतकं ऑथेंटिक आहे, दर आठवड्याला का ठेवत नाही? गिरीराज म्हणाला, “मॅडम, कार्यक्रम नाही हा. घरचं देणं आहे आमचं.” त्या ओशाळल्या आणि चौक मांडायला सकवारबरोबर बसल्या.

रणजीतच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं होतं, म्हणून तो आणि सून घरीच राहिले. मी, सकवार, गिरीराज आणि भव्या एवढेच आदल्या दिवशी आलो होतो. गोंधळी अथणीकडचे दोघे भाऊ. ते सकाळी पोचायचे होते, पण त्यांची गाडी वाटेत बंद पडली. पाच उसांचा मांडव बांधून झाला, कलश बसला, भव्या उपाशी पाटावर बसून राहिली. ते आले तेव्हा ऊन डोक्यावरून कलायला लागलं होतं.

गिरीराज अंगणाच्या कडेला जाऊन वर कड्याकडे बघत उभा राहिला. मी जवळ गेलो. त्याने चिमूटभर राख हवेत सोडली. ती डोंगराच्या दिशेने गेली.

परत येऊन तो अज्जीला म्हणाला की आज नको, उद्या पहाटे करू, गोंधळ्यांना ठेवून घेऊ. सकवार म्हणाली, मांडलेला चौक मोडायचा नसतो, पोटुशी बाई पाटावर बसवली आहे, आता उठवली तर न घालण्यापेक्षा वाईट. गोंधळ्यांनाही दुसऱ्या दिवशी दुसरीकडे जायचं होतं. भव्याने नवऱ्याकडे बघितलं ते मला दिसलं. तिलाही व्हायला हवं होतं.

“सरी, होऊ दे,” तो म्हणाला. “छोटा करू. संबळ हळू. दिवटी अगदी शेवटी पेटवायची.”

पाहुण्यांना त्याने झोपड्यांच्या दाराशी बसवलं, घोंगड्या मांडीवर ठेवायला लावल्या. शुभदाबाईंना भव्याच्या शेजारी बसवलं आणि सांगितलं की मी ओरडलो तर हिला उचलून न्यायचं, माझी वाट बघायची नाही.

गोंधळ सुरू झाला. संबळ हळूच वाजत होतं, तुणतुणं त्याहून हळू. गोंधळी एकेका गावची देवी, एकेका डोंगराचा देव बोलावत होता. सकवारच्या डोळ्यांना पाणी लागलं होतं. मलाही बरं वाटत होतं. शेवटी दिवटी पेटली. गिरीराजने ती दोन्ही हातांनी धरली, गोंधळ्याने तिच्यावर तेल घातलं, आणि काळा धूर तिरका होऊन वर निघाला. दोराने ओढल्यासारखा तो कड्याकडे गेला.

आधी आवाज आला. कारखान्यात लेथवर जाड सळई लावली की येतो तसा, पण सगळीकडून. कड्यावरचं एक मोहोळ सुटलं होतं, मग त्याच्या शेजारचं.

गिरीराज ओरडला. पाहुण्यांनी शिकवल्यासारखं केलं. शुभदाबाईंनी भव्याला दंडाला धरून आत नेलं आणि दार लावलं. गोंधळी दुसऱ्या झोपडीत शिरले. कुणीतरी माझ्या अंगावर घोंगडी टाकली, मी दाराशीच पडलो आणि तिच्या फटीतून बघत राहिलो.

अंगणाच्या कोपऱ्यात वाळूची बादली असायची, आगीसाठी. गिरीराज तिच्याकडे दोन पावलं गेला. तेवढ्यात सकवार ओरडली.

“गिरी, मातीत विझवू नकोस. दूध आणते मी.”

आमच्यात दिवटी दुधातच विझवतात. माती किंवा पाणी घालून विझवली तर गोंधळ उलटतो, म्हणजे नसता घातला तर बरं. मला ते माहीत होतं, त्यालाही माहीत होतं. हा गोंधळ ज्या पोरासाठी चालला होता ते आत झोपडीत भव्याच्या पोटात होतं.

तो थांबला.

“अज्जी, लवकर,” एवढंच म्हणाला.

स्वयंपाकघर अंगणाच्या पलीकडे होतं. सकवार पदर डोक्यावरून ओढून जेवढं चालवेल तेवढं चालत गेली. तो दिवटी हातात धरून अंगणाच्या मधोमध उभा राहिला. लोकांपासून लांब म्हणून तो आणखी मागे, तळ्याच्या बाजूला सरकला. माश्या धुरावरून त्याच्याकडे येत होत्या. आधी मान काळी झाली, मग चेहरा. हात त्याने हलवले नाहीत. मी त्याला टाक म्हणून ओरडलो की नाही ते मला सांगता येत नाही. तोंड उघडलं होतं आणि ओठाला डंख बसला होता.

सकवार दुधाचा तांब्या घेऊन आली. तिच्याही हातांवर माश्या होत्या. त्याने दिवटी नीट तिरकी करून दुधात घातली, पुरी विझेपर्यंत धरली. मग खाली बसला आणि आडवा झाला. तिने कुणाचीतरी पडलेली घोंगडी ओढून त्याच्यावर टाकली आणि वर पडून राहिली.

माश्या निवल्यावर पाहुण्यांच्या गाडीतून आम्ही निघालो. भव्याला एकही डंख नव्हता. पाहुण्यांपैकी कुणाला एक, कुणाला दोन. त्याने घोंगड्या दिल्या नसत्या तर काय झालं असतं, हे शुभदाबाई वाटेत सारख्या बोलत होत्या. गिरीराज माझ्या मांडीवर होता. चेहरा ओळखू येत नव्हता. तो एकदा म्हणाला की वनखात्याला फोन करा, कड्याखाली दोन-तीन दिवस कुणाला येऊ देऊ नका, वरचे मालक बिथरलेले आहेत.

कनकपुऱ्याच्या दवाखान्यात सलाइन लावून बेंगळुरूला पाठवलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की विष मूत्रपिंडात उतरलं आहे. भव्याला तपासलं, पोट ठीक होतं. सकवारला निराळ्या खोलीत ठेवलं होतं. मी गेलो तेव्हा तिचे दोन्ही हात पट्ट्यांत होते.

“दुधात विझली ना?” तिने विचारलं.

मी हो म्हटलं.

“मग पोराला काही नाही होणार,” ती म्हणाली. कोणत्या पोराबद्दल, ते तिने सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही.

ती आता बरी आहे. गोंधळाबद्दल बोलत नाही. भव्या बाळाला घेऊन होसकोट्याला माहेरी आहे. मुक्कामाची जागा वनखात्याने बंद केली, झोपड्यांचं गवत उतरवलं. मोहोळं पावसाआधी उडून गेली आणि थंडीत परत आली, असं तिथल्या वाटाड्याने फोनवर सांगितलं. गिरीराजला ते ऐकायला आवडलं असतं.

माझा नातू गिरीराज रणजीत राव हा आग्या माश्यांच्या विषाने, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, सोमवार, अठरा मार्च दोन हजार चोवीस रोजी सकाळी बेंगळुरूला वारला.